अनुभवाचा रकाना

माझ्या पहिल्या बायोडाटात एकही खोटी ओळ नव्हती. दुसऱ्यात एक होती, आणि तेवढीच कामाला आली. नोकरी लागली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक ऐकताना शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडं आशेनं बघत बसतात आणि मलाच त्यांची कीव येते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले होते. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत एवढं शिकलेली पहिलीच मुलगी. त्याचा उपयोग काय, तर गल्लीतल्या बायका मला डॉक्टरीण समजायच्या आणि पोटात कळ आली की औषध विचारायला यायच्या. मी डॉक्टर नाही म्हणून सांगितलं की म्हणायच्या, मग एवढं शिकलीस कशाला? दोन वर्षं मी घरात बसून होते. शाळांत जागा नव्हत्या, मिलच्या लॅबोरेटरीत मुली घेत नव्हते, आणि स्थळं यायची ती मुलगी फार शिकलीय म्हणून दारातूनच परत जायची.

अप्पा, म्हणजे माझे वडील, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका डाइंगमध्ये रंगारी होते. गावात चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्यांचं सूत रंगवायचं काम डाइंगमध्ये चालतं. सुताच्या लडी काठीवर ओवायच्या आणि कढत रंगाच्या हौदात खाली-वर, खाली-वर करत राहायच्या. रंग पक्का बसावा म्हणून हौदात कॉस्टिक सोडा असतो, तो कातडी खातो. अप्पा मंद्रूपहून विशीत सोलापुरात आले ते थेट या हौदावर उभे राहिले, आणि चोवीस वर्षं तिथंच होते. त्यांच्या हातांची कातडी सोलून निघायची. कोपरापर्यंत भेगा पडलेल्या, भेगांत रंग बसलेला. भाकरी मोडताना ते मिठाला बोट लावायचे नाहीत, कारण मीठ लागलं की डोळ्यांत पाणी यायचं. अव्वा, म्हणजे माझी आई, त्यांच्या ताटात भाजीत कालवूनच मीठ द्यायची. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकदा मलमाची चिठ्ठी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "आधी हात हौदातून बाहेर काढा, मग मलम मागा. असंच चाललं तर बोटं आखडतील, उघडणार नाहीत." अप्पांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

त्यांचा आणि माझा करार झाला होता. मला नोकरी लागायची आणि त्याच दिवशी अप्पांनी हौद सोडायचा. "तुजी आर्डर आली की त्या दिवशी काठी ठिवतो बग," ते म्हणायचे. मंद्रूपला थोरल्या भावाकडं जाऊन शेळ्या राखायचं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. त्यांच्या हातांचं सगळं माझ्या एका कागदावर येऊन थांबलं होतं, आणि तो कागद काही केल्या येत नव्हता. त्यांच्या हातांकडं बघितलं की मला माझाच राग यायचा. तो मी अव्वावर काढायचे. अव्वा बिचारी ऐकून घ्यायची.

मग एक दिवस पेपरात जाहिरात आली. नद्यांचं आणि विहिरींचं पाणी कारखान्यांमुळं खराब होतं ते रोखायला सरकारनं नवं खातं काढलं होतं, आणि पाण्याचे नमुने गोळा करून तपासायला माणसं हवी होती. शिक्षण केमिस्ट्रीत बी.एस्सी. बायोडाटा इंग्रजीत, टाईप करून. शेवटी एक ओळ होती: अनुभव असल्यास प्राधान्य. ती ओळ मी चार वेळा वाचली. अनुभव माझ्याकडं होता. अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाकडं नसेल असा होता.

आमच्या गल्लीत एक आड आहे. नळाला पाणी कमी म्हणून भांडी, धुणं सगळं आडाच्या पाण्यावर. डाइंगचे हौद संध्याकाळी रिकामे होत. हौदाच्या बुडाला भोक असतं, त्यात गोणपाटाचा बोळा ठोकलेला असतो. तो बोळा ओढला की दिवसभराचं रंगाचं पाणी गटारीत, गटारीतून मागच्या ओढ्याला. जमिनीत मुरून ते आडात उतरायचं. बायका आडावर गेल्या की एकमेकींना विचारायच्या, आज कसलं आलंय गं, हिरवं का तांबडं? हसायच्या आणि भरून न्यायच्या. मला ते बघवायचं नाही. घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून मी कॉलेजमधून आणलेल्या लिटमसच्या पट्ट्या रोज त्या पाण्यात बुडवायला लागले आणि वहीत लिहून ठेवायला लागले. वार, पाण्याचा रंग, पट्टी काय म्हणते, वास. कधी बाटलीत खाली किती गाळ बसला तेही. दोन वर्षांच्या तीन वह्या झाल्या होत्या. अव्वा म्हणायची, पाण्याची कुंडली मांडून काय लगीन लावायचंय का त्याचं? आता त्या वह्यांना गिऱ्हाईक आलं होतं.

बायोडाटा कसा लिहितात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कॉलेजातल्या एका मॅडमचा जुना कागद मी मागून आणला आणि त्याच्यावर बेतून लिहायला बसले. वर नाव, मग जन्मतारीख, मग वडिलांचं नाव आणि धंदा. धंद्याच्या जागी 'रंगारी' लिहायला माझा हात धजेना. चोवीस वर्षं काम केलेल्या माणसाला नुसतं रंगारी काय म्हणायचं? डाइंगमध्ये बाकीचे त्यांनाच विचारून रंग घालत. म्हणून मी इंग्रजीत 'हेड डायर' असं लिहिलं आणि पुढं डाइंगचं नाव घातलं. लिहून झाल्यावर ते मी मोठ्यानं वाचलं. अप्पा खुश झाले. "हेड म्हंजे मुख्य न्हवं?" त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

मग अनुभवाचा रकाना. तिथं मी अर्धं पान भरलं. दोन वर्षं रोज एका आडाच्या पाण्याची पाहणी केली आहे, त्या पाण्यात आमच्या गल्लीतल्या डाइंगचं पाणी उतरतं, ते पाणी रोज संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही प्रक्रियेशिवाय गटारीत सोडलं जातं, डाइंगचा हेड डायर हौदांचे बोळे काढतो तेव्हापासून साधारण अमुक तासांनी आडाचा रंग बदलतो. सगळं टिपण्यांवरून, सगळं खरं. वह्या दाखवायला तयार आहे, असंही लिहिलं. इतकं चांगलं इंग्रजी मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. शपथेवर सांगते, नाही आलं. हेड डायर म्हणजे इंग्रजीतला कुणीतरी माणूस होता, कोट घालून हौदांवर देखरेख करणारा. वरच्या ओळीत तो माझा बाप होता आणि खालच्या ओळीत पाणी घाण करणारा इसम, आणि दोन्ही एकाच पानावर माझ्याच अक्षरात होते. इंग्रजीत लिहिताना मला माझा बाप ओळखू आला नाही.

कोर्टाजवळ झाडाखाली टाईपरायटर घेऊन बसणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्याकडं मी बायोडाटा टाईप करायला नेला. त्यांनी परवाच कुणाच्या तरी स्थळासाठी एक केला होता, म्हणून विचारलं, "उंची आणि वर्ण कुठं घालू?" मी म्हटलं, आजोबा, नोकरीचा आहे. "मग घातला तर बिघडतंय व्हय? नोकरीवाले पण बघतातच की." मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते गुमान टाईप करायला लागले. अनुभवाच्या रकान्यापाशी त्यांचे हात थांबले. चष्मा वर करून ते म्हणाले, "बाई, हे तर तक्रारअर्जासारखं लागतंय." मी म्हटलं, हाच अनुभव आहे. त्यांनी खांदे उडवले. दोन प्रती झाल्या.

आमच्याकडची एक रीत सांगायला पाहिजे. डाइंगमधल्या कुठल्याही कामगाराच्या घरी महत्त्वाचा कागद आला की तो आधी मालकांच्या गादीवर जायचा. लग्नपत्रिका असो, मुलाचा मार्कांचा कागद असो, जागेचा अर्ज असो. मालक तो हातात घेत, वाचत, गादीमागच्या देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावत आणि परत देत. मालकांचा हात लागला की काम होतं, असं सगळ्यांना वाटायचं. माझ्या बी.एस्सी.च्या मार्कलिस्टच्या कोपऱ्यावर अजून तो कुंकवाचा डाग आहे. यात काही सक्ती नव्हती. सोयरे, नातलग सगळे गावाकडं, शहरात वडीलधारं माणूस म्हणून मालकच, म्हणून ते चालायचं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जायला कागद शोधते तर एकच प्रत. दुसरी अप्पांनी सकाळी कामावर जाताना घडी घालून खिशात टाकून नेली होती. अव्वाला सांगितलं होतं, पोरीचं काम हाय, मालकांचा हात लागू दे. ते ऐकलं आणि मग मात्र माझ्या डोक्यात सगळं एका क्षणात जुळलं. वरची ओळ, खालची ओळ. अव्वा विचारत राहिली काय झालं, आणि मी उरलेली प्रत परत परत वाचत बसले.

अप्पा संध्याकाळी आले ते हसतच. "मालकांनी दोनदा वाचलं," ते म्हणाले. "पयल्यांदा बसून, मग हुबं राहून. लई चांगलं लिवलंय म्हणाले. उद्या सकाळी तुला घिऊन ये म्हणाले." कागदाला कुंकू लागलं होतं. मी त्यांचं ताट वाढलं. खरं सांगितलं असतं तर ते जेवले नसते.

सकाळी आम्ही दोघं गेलो. मालक साठीचे होते, इंटरपर्यंत शिकलेले, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. अप्पा दाराशी उभे राहिले, त्यांना कुणी सांगितल्याशिवाय ते गादीच्या खोलीत बसत नसत.

"बाळ, तू लिहिलंयस त्यात चूक काढायला जागा न्हाय," मालक म्हणाले. "सहा वाजता पाणी सुटतं, खरं हाय. आडात उतरतं, ते पण खरं असणार, तू शिकलेली हायस. मी रागावलो न्हाय. आता मला एवढंच सांग. उद्या हे वाचून साहेब चौकशीला आले आणि म्हणाले पाणी कोण सोडतंय, तर कागदावर कुणाचं नाव हाय?"

मी दाराकडं बघितलं.

"मी तर हितं गादीवर असतो," ते म्हणाले. तेही खरंच होतं. मग त्यांनी अप्पांना कानडीत सगळं समजावून सांगितलं. घरात आम्ही मराठी-कानडी दोन्ही बोलायचो, त्यामुळं मला प्रत्येक शब्द कळत होता, आणि कळायला नको होता. तुझ्या मुलीनं लिहिलंय की पाणी तू घाण करतोस. त्यांनी ते तिखटमीठ लावून सांगितलं नाही. जे लिहिलं होतं तेच सांगितलं. अप्पांनी एकदाच माझ्याकडं बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मालकांना खरोखर मदत करायची होती, हे मी आजही म्हणेन. ते म्हणाले, अनुभवाचा दाखला लागतो ना, मी देतो. आपल्या लेटरहेडवर देतो, की तू इथं दोन वर्षं पाण्याच्या कामावर होतीस. मी म्हटलं, इथं पाण्याचं काम कुठं आहे? "टाकी बांधायचा विचार हायच की," ते म्हणाले. "पाणी निवळून सोडायची टाकी. दुसरीकडं बांधतात म्हणून ऐकलंय. पुढल्या वर्षी आपण बी बांधू. आत्ता लिहून ठेवलं तर कुणाचं काय जातंय? कशी असते ती टाकी मला ठाऊक न्हाय. तूच लिही, मी सही करतो."

घरी येताना अप्पा दोन पावलं पुढं चालत होते. आडापाशी थांबले आणि मागं न वळताच म्हणाले, "माजं नाव घालायचं काय नडलं हुतं?"

"बायोडाटात वडिलांचं नाव घालावंच लागतं, अप्पा."

"मग त्या पाण्याचं घालू नगं," ते म्हणाले. "नोकरी लागू दे आदी. तू त्या खात्यात गेलीस की मग बग की पाण्याचं. तवा कोण आडवतंय?"

याला उत्तर आज सुचतं, पण आज काय उपयोग. तेव्हा मला वाटलं, खरंच की, आत शिरल्याशिवाय काय करणार? आणि त्यांचे हात दिसत होते. मी दाखला लिहिला. लेटरहेडवर, मालकांच्या नावानं, माझ्या शब्दांत. डाइंगमध्ये दोन खणांची निवळण टाकी आहे. रंगाचं पाणी पहिल्या खणात घेऊन चुना टाकतात, गाळ बसला की वरचं स्वच्छ पाणी दुसऱ्या खणात. अर्जदारानं दोन वर्षं या टाकीची देखरेख केली आहे आणि नोंदी ठेवल्या आहेत. मालकांनी सही केली आणि म्हणाले, "हे तर मला बी कळलं न्हाय, पण झकास हाय." बायोडाटात अनुभवाचा रकाना आता एका ओळीचा झाला. टाईप करणारे आजोबा म्हणाले, "बाई, आधीचा दमदार होता." मी म्हटलं, तुम्ही टाईप करा. वह्या मी ट्रंकेत सगळ्यात खाली टाकल्या.

मुलाखतीचं बोलावणं आलं. पुण्याला. मी एकटी कशी जाणार म्हणून अप्पा रजा टाकून बरोबर आले. एस.टी.त सगळा वेळ ते आर्डर आल्यावर काय काय करायचं ते सांगत होते. शेळ्या किती घ्यायच्या, अव्वाला मंद्रूपला करमेल का. ऑफिसच्या बाहेर बाकावर ते बसले, हात टॉवेलमध्ये गुंडाळून. टॉवेल त्यांच्याच हौदात रंगलेल्या सुताचा असणार, गावात दुसरं काय मिळतं.

आत तीन साहेब होते. एकानं विचारलं, मुलगी असून ओढ्यानाल्यात उतरशील का? मी म्हटलं, उतरेन. दुसरा माझे कागद चाळत होता, तो दाखल्यापाशी थांबला. "सोलापुरात निवळण टाकी असलेली डाइंग आहे? आम्हाला तर माहीत नाही." आणि तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

मी त्यांना टाकी सांगितली. पहिल्या खणाची खोली सांगितली. चुना किती, केव्हा टाकायचा, पाणी किती वेळ थांबवायचं, गाळ केव्हा खाली बसतो, सगळं. एकानं विचारलं गाळाचं काय करता? मी म्हटलं, वाळवून गावाबाहेर खड्ड्यात पुरतो. वर्षभरात गाळ किती साठतो तेही सांगितलं. मी अडखळले नाही. खरी टाकी असती तर मी ती अशीच बांधली असती, चोख. आयुष्यात मी इतकी चांगली परीक्षा दिली नव्हती, आणि सांगायला लाज वाटते, पण बोलताना मला आनंद होत होता. तिसरे साहेब आतापर्यंत गप्प होते, त्यांनी दाखला पुढं ओढून डाइंगचं नाव आणि पत्ता एका रजिस्टरमध्ये उतरवून घेतला. मला वाटलं, हे माझ्या निवडीसाठीच आहे.

बाहेर आल्यावर अप्पांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, चांगलं झालं. त्यांनी स्टँडवर दोन ठिकाणी बघून त्यातल्या त्यात चांगल्या हॉटेलात मला भजी घेऊन दिली.

महिना झाला, दोन झाले. पोस्टमन गल्लीत आला की अप्पा त्या वेळी जेवायला घरी आलेले असायचे, मुद्दाम. तिसऱ्या महिन्यात छापील कार्ड आलं. आपली निवड झाली नाही याबद्दल खेद आहे. माझं नाव शाईनं भरलेलं होतं, बाकी सगळं छापलेलं. कुणाची निवड झाली ते कळलं नाही, अनुभव असलेल्याच कुणाची तरी झाली असेल. मी ते अप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बरं, दुसरी जायरात येईल." आणि जेवण अर्धं टाकून दुपारच्या कामाला गेले. मी दिवसभर रडले. अव्वानं एकदा जवळ येऊन बसून बघितलं आणि उठून गेली.

इथं संपलं असतं तर ही फक्त नोकरी न लागण्याची गोष्ट झाली असती. तशा गोष्टी सोलापुरात घरोघर होत्या.

पावसाळा संपल्यावर एका सकाळी अप्पा कामावर गेले आणि तासाभरात परत आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि एक सरकारी पाकीट. चेहऱ्यावर पुन्हा तीच आशा, जी मी त्या कार्डाबरोबर मारून टाकली होती असं मला वाटत होतं. "मालकांनी दिलंय," ते म्हणाले. "त्या खात्याचं पत्र हाय. मालक म्हणाले, तुज्या लेकीमुळं झालं, तिलाच आदी दाव. वाच बगू. तुजं कायतरी झालं वाटतं."

पत्र मालकांच्या नावाचं होतं. इंग्रजीत. मी आधी मनातल्या मनात वाचलं. आपल्या डाइंगमध्ये सांडपाण्याच्या निवळणीची समाधानकारक व्यवस्था असल्याचं आमच्या नोंदीत आहे. गावातल्या इतर डाइंगची पाहणी करण्यात येत आहे. आपल्या डाइंगची पाहणी करण्याची सध्या आवश्यकता नाही.

"काय लिवलंय?" अप्पा म्हणाले.

मी त्यांना मराठीत सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, दाखल्यात मी काय लिहिलं होतं तेही सांगितलं, कारण आता लपवून काय करायचं होतं. टाकी, दोन खण, चुना. ते ऐकत उभे होते. त्यांना समजायला वेळ लागला, आणि मी घाई केली नाही.

"म्हंजे दुसऱ्यांच्यात बगायला येनार," ते म्हणाले.

"हो."

"आन आपल्यात न्हाय."

"नाही."

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं. मग विचारलं, "दुसरीकडं आले की काय करत्यात ते? हौद बंद करत्यात?"

"कधी बंद करतात. कधी टाकी बांधायला लावतात. कामगारांना हातमोजे द्यायला लावतात, असंही ऐकलंय." हे शेवटचं मला सांगायला नको होतं. पण त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं.

अप्पांनी पत्राची नीट घडी घातली, मालकांना परत द्यायचं होतं म्हणून. पाकिटात घालताना त्यांची बोटं वळेनात, तेव्हा ते पाकीट त्यांनी माझ्याकडं दिलं. मी घालून दिलं. "मालक चांगलं हाईत," ते म्हणाले. "तू एवढं लिवलंस तरी मला काढलं न्हाय." आणि कामावर गेले. हौदात लडी घालून आले होते, फार वेळ सोडल्या तर रंग फाटतो, डागाडागांनी बसतो.

त्यांना त्या हौदातून बाहेर काढायला दोनच जण येऊ शकत होते. एक मी, नोकरी लागून. दुसरं ते खातं, पाहणीला. माझ्याकडून झालं नाही, ते एक वेळ नशिबावर ढकलता येतं. पण दुसऱ्याला मी स्वतः लिहून कळवलं होतं, पुण्याला जाऊन तोंडानं पटवून दिलं होतं, की तुम्ही येऊ नका, तिथं सगळं ठीक आहे.